चांदीतलं पाणमांजर

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज मोठ्या साहेबांनी वर बोलावलं. टाकसाळीत मला एकोणीस वर्षं झाली, त्यात वरून बोलावणं आलं ते दोनदाच. एकदा नोकरीत कायम केलं तेव्हा, आणि एकदा चुकून.

साहेब म्हणाले, "चांदीच्या नाण्यांची नवी मालिका काढतोय. आपले वन्यजीव. एक औंस शुद्ध चांदी, दर वर्षी एक प्राणी. बाजारात चालवायची नाहीत, लोकांनी जपून ठेवायची. पहिलं पाणमांजर. तुम्ही कराल?"

मी "हो" म्हणून मोकळी झाले. खाली आल्यावर लक्षात आलं, आपण जन्मात पाणमांजर पाहिलेलं नाही.

एकोणीस वर्षं मी काय केलं, तर साल बदललं. नवं वर्ष आलं की साच्यावरचा शेवटचा आकडा काढायचा आणि पुढचा कोरायचा. मधेच एखादं पदक. माझा हात चांगला आहे असं सगळे म्हणतात, पण त्या हाताला कुणी काम म्हणून काही दिलं नव्हतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते खिडकीशी बसले होते. "हं," म्हणाले. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ते माझ्याकडे राहतात. आमच्या दोघांचा संसार "हं" आणि "जेवलात का" एवढ्यावर चालतो.

८ फेब्रुवारी, रविवार

पाणमांजराचे एकशे चाळीस फोटो जमवले. त्यातला एक असा आहे की बघतच राहावं. दगडावर बसलेलं, मान वळवलेली, अंगावरचा एकेक केस मोजता येईल. तोच धरून चालले आहे.

मागच्या खोलीत काम मांडलंय. तिथं उजेड उत्तरेचा येतो. आधी मेणमातीत जेवणाच्या ताटाएवढा उठाव करायचा, त्याचं प्लास्टर घ्यायचं, ते आणखी कोरायचं, आणि मग यंत्र त्याचं लहान रूप पोलादात उतरवतं. ताटाएवढ्या पाणमांजराचं बिस्किटाएवढं होतं. म्हणून ताटात जी चूक दिसत नाही ती नाण्यात दिसते, आणि कधी उलटही.

फार दिवसांनी जेवायची आठवण राहिली नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

प्लास्टर पूर्ण झालं. अंगावरचे केस कोरायला नऊ दिवस लागले. स्वतःच स्वतःची पाठ थोपटू नये, पण आज थोपटली.

बाबा दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहिलं. मी वाट बघत होते. काही नाही तरी "छान" म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले, "शेपूट चुकलंय. आपलं नाही हे."

"म्हणजे?"

"आपल्याकडच्याचं शेपूट असं दोरीसारखं गोल नसतं. टोकाकडे चपटं असतं. आणि अंगावर एवढे केस नसतात."

मी म्हटलं, "बाबा, मी एकशे चाळीस फोटो पाहिलेत."

"मी पाणमांजरं पाहिलीत," ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

बाबा एकतीस वर्षं नदीवर पातळी मोजायच्या चौकीत होते, हे खरं. पण ते सोडूनही आता बारा वर्षं झाली. गेल्याच आठवड्यात दुधाखालचा गॅस तसाच ठेवून ते अंघोळीला गेले होते. त्यांच्या आठवणीवर मी किती विसंबायचं?

दोन वर्षांत इतकं पहिल्यांदा बोलले, आणि बोलले ते हे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मंजूर! समितीतल्या पाचही जणांनी एकमतानं. साहेब म्हणाले, "केस तर हात लावून बघावेसे वाटतात."

फक्त केसभरनं तोंड वाकडं केलं. हा आमच्या प्रेसवरचा मुख्य कारागीर. त्याला सगळे केसभर म्हणतात, कारण त्याच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट केसभर चुकलेली असते. म्हणाला, "ताई, शेपूट फार जाड झालंय. बरोबर त्याच्या मागं दुसऱ्या बाजूला राजचिन्ह येतं. सगळी चांदी तुमचं शेपूट पिऊन टाकणार. मागची बाजू भरायचीच नाही."

"मग दाब वाढवा," मी म्हटलं.

"दाब वाढवला की साचा फुटतो."

शेपटाला आज सगळ्यांनीच धरलंय. वीस मार्चला पोलादी साचा भट्टीत जाऊन कडक होणार. एकदा कडक झाला की त्याला ब्रह्मदेवही हात लावू शकत नाही.

३ मार्च, मंगळवार

सकाळी सहाला उठले तर बाबा घरात नाहीत. दार नुसतं ओढून घेतलेलं. गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आले. साडेआठला आले. पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"कुठं गेला होतात?"

"फिरायला."

चिखलात कोण फिरायला जातं? चपलांच्या दुकानाजवळचा रस्ता खणलाय, तिकडं गेले असतील आणि वाट चुकली असेल. कबूल करायला लाजत असतील.

६ मार्च, शुक्रवार

तीन दिवस हाच प्रकार. आज कपडे धुवायला घेतले तर त्यांच्या खिशात रुमालात बांधलेलं काहीतरी. सोडून पाहिलं. माशांचे खवले, बारीक काटे, आणि वास असा की डोळ्यांत पाणी आलं. नळाखाली सगळं वाहवून टाकलं. संध्याकाळी बाबांनी रुमाल शोधला. मी धुतला म्हटल्यावर त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच कसंतरी झालं.

माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, फोन केला. ती म्हणाली, "अगं, हे असंच सुरू होतं. माझ्या सासऱ्यांनी खिडकीत वर्तमानपत्राचे बोळे साठवले होते. डॉक्टरांना दाखव. उशीर करू नकोस."

सोळा तारखेची वेळ घेतली.

७ मार्च, शनिवार

प्लास्टरची पिशवी अर्धी रिकामी. कालवायचं रबरी भांडं सापडत नाही. माझंही डोकं ठिकाणावर नाही असं दिसतंय. आमच्या घराण्यातच आहे का हे?

१० मार्च, मंगळवार

अजून कडक न केलेल्या साच्यावर पहिली चाचणी झाली. केसभर म्हणाला तस्सं. राजचिन्हाचा मधला भाग पुसट, जणू कुणी अंगठा फिरवलाय. साहेबांनी उठाव थोडा खाली घासून बघा म्हणून सांगितलं. घासला की केस जातात. मी म्हटलं, बघते.

रात्रीच्या जेवणाला बाबांनी आपणहून विचारलं, "तुझा साचा पक्का कधी होणार?"

"वीसला. का?"

"हं. अजून दहा दिवस आहेत." आणि मग, "माझी दुर्बीण कुठं ठेवलीस?"

चांगली चौकशी केली म्हणून बरं वाटलं, आणि दुर्बिणीचं ऐकून ताईचं बोलणं आठवलं. त्या दुर्बिणीची एक काच तर कधीच फुटली आहे.

१२ मार्च, गुरुवार

आज एक गोष्ट केली आणि ती लिहायला जीव धजत नाही. बाबांचे बूट लपवले. धान्याच्या डब्यामागं. त्यांच्या भल्यासाठीच. उद्या तरी घरात राहतील.

१३ मार्च, शुक्रवार

कामावर दहा वाजता फोन आला. अनोळखी माणूस. "तुमचे वडील माझ्याजवळ आहेत. जुन्या पुलाखाली दगडावरून घसरले. हाड मोडलेलं दिसत नाही, पण गुडघा सुजलाय."

तशीच धावले. तो मासेमारी करणारा माणूस होता. त्यानं बाबांना आपल्या होडीच्या फळीवर टेकवून बसवलं होतं. बाबांच्या पायात घरातल्या सपाता. एक होती, एक नदीत गेली. ते पाहिलं आणि मला तिथंच रडू फुटलं.

बाबा म्हणाले, "रडतेस काय? हे धर. सांभाळून. अजून ओलं आहे." त्यांनी छातीशी माझं रबरी भांडं धरलं होतं. आत टॉवेलात गुंडाळलेला प्लास्टरचा गोळा.

मासेवाला म्हणाला, "आजोबा पडले, पण हात वर धरूनच पडले. आठ दिवस बघतोय मी त्यांना. रोज पहाटे येतात, चिखलात ओणवे होतात. मला वाटलं, काही हरवलंय."

दवाखान्यात गुडघ्याला पट्टी बांधून घेतली आणि घरी आणलं. मग मागच्या खोलीत उत्तरेच्या उजेडात तो गोळा टेबलावर ठेवला आणि ओल्या ब्रशनं चिखल काढला.

माझा आयुष्यभराचा धंदा ठशांचा. ठसा उलटा वाचायचा असतो, खोल ते वर, वर ते खोल. चिखलात उमटलेलं एक पाऊल, पाच बोटं, बोटांमधल्या पडद्याची कडसुद्धा आलेली. आणि पावलामागून गेलेला शेपटाचा माग. मी त्यावरून बोट फिरवलं. दोरीनं ओढल्यासारखी ती खोल, अरुंद खाच नव्हती. रुंद, उथळ, दोन्ही कडा स्वच्छ. पट्टी ओढावी तसा.

चपटं.

मी बाहेर आले. बाबा पाय उशीवर ठेवून बसले होते.

"बाबा, त्या रुमालातलं ते काय होतं?"

"विष्ठा. त्यांची. वाळलेली. दगडावर मुद्दाम करून ठेवतात, ही जागा आमची म्हणून. तुला दाखवायला आणली होती. तू धुतलीस."

"सांगायचं तरी!"

"सांगितलं होतं की. तुझे एकशे चाळीस फोटो होते. म्हटलं, एकशे एक्केचाळिसावी गोष्ट हातात द्यावी."

मी धान्याच्या डब्यामागून बूट काढून त्यांच्यापुढं ठेवले. बाबा म्हणाले, "तिथं होते होय? मी कपाटं शोधत बसलो."

सोळा तारखेची डॉक्टरांची वेळ रद्द केली. गॅसचं काय ते आपलं आपण बघू. गॅस मीही विसरते.

१४ मार्च, शनिवार

ठसा घेऊन वस्तुसंग्रहालयात गेले. प्राणिविभाग सांभाळणाऱ्या बाईंनी भिंग लावलं आणि ठसा दोनदा फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "हे कुठं मिळालं?"

"जुन्या पुलाखाली."

"शहराजवळ? तिथली तर संपली म्हणून आम्हीच लिहून ठेवलंय." त्यांचा आवाज बदलला होता.

मी माझ्या नाण्याचं चित्र दाखवलं. त्यांनी नाक, शेपूट, अंग असं पेन्सिलीनं दाखवत सांगितलं, "फार सुंदर आहे. पण हे थंड मुलखातलं. आपलं ओल्या गोट्यासारखं गुळगुळीत दिसतं."

माझा तो लाडका फोटो कुठल्या मुलखातला, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आता काय? मी गप्प बसले तर कोण ओळखणार? शंभरात एक. आणि नाण्यावर आपले वन्यजीव असं लिहिलेलं असणार. चारशे वर्षांनी पाणमांजरं नसली तरी ते नाणं असणार. चांदी काही कुजत नाही.

आणि बोलले तर? समितीनं मंजूर केलेलं काम चुकीचं म्हणून मीच वर जाऊन सांगायचं. परत आयुष्यभर साल बदलत बसायचं. दिवसभर हेच.

१६ मार्च, सोमवार

सांगितलं.

साहेब आधी लाल झाले. "आता? चार दिवस राहिलेत! समितीला मी काय तोंड दाखवू?" मी प्लास्टरचा ठसा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "चूक माझी आहे. माझ्या वडिलांनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला नवं करू द्या."

साहेबांनी खिडकीकडं तोंड केलं. शेवटी म्हणाले, "सत्तावीसपर्यंत. त्या दिवशी प्लास्टर टेबलावर नसेल, तर पहिलं नाणं घुबडाचं निघेल. ते बाहेरच्या शिल्पकाराचं तयार आहे. आणि मग तुमचं पाणमांजर कधी, ते मी सांगू शकत नाही."

अकरा दिवस. मागच्याला अठरा लागले होते.

जिन्यात केसभर भेटला. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती. म्हणाला, "ताई, एकोणीस वर्षं तुमच्या साच्यांना मी नावं ठेवली. पण आज तुम्ही वर गेलात तेव्हा मी प्रेस बंद करून खाली उभा होतो." मला कळलं नाही, ह्याला प्रेस बंद करायचं कारण काय. मशीन गरम झालं असेल.

१८ मार्च, बुधवार

आज पाहिली.

मासेवाल्यानं होडी आणली. बाबांना उचलून आत ठेवलं. त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "साबण लावू नकोस. आणि तो तुझा पांढरा सदरा नको." पुलाच्या तिसऱ्या खांबाआड होडी लावली. उजाडत होतं. पाणी शिसवी दिसत होतं. अर्धा तास काही नाही. माझ्या पायांना मुंग्या आल्या.

बाबांनी माझं मनगट धरलं.

तीन डोकी. पाणी जराही न हलवता आली. एक दगडावर चढलं, आणि मला कळलं की नऊ दिवस मी काय चुकीचं कोरत होते. अंगावर केस दिसतच नाहीत! सगळं अंग एका ओघात, मानेपासून शेपटापर्यंत, ओतल्यासारखं. पाणी निथळलं की अंग क्षणभर चमकतं आणि मग मखमल होतं. त्यानं मासा दोन्ही हातांत धरला, हो, हातच म्हणावेत असे, आणि डोक्याकडून खायला लागलं, कचाकचा, दात दाखवत, अगदी तृप्त.

मी एकही रेघ काढली नाही. नुसती पाहत राहिले. परत येताना बाबा बोलतच होते. चौकीत एकटे असायचे तेव्हा एक मादी रोज पातळीच्या खांबावर येऊन बसायची. पुराच्या आदल्या दिवशी तिनं पिल्लं वर नेली, त्यावरून त्यांनी खबर दिली होती. वरिष्ठांनी विचारलं, कशावरून सांगता? त्यांनी लिहिलं, अनुभवावरून. "पाणमांजरावरून लिहिलं असतं तर नोकरी गेली असती," म्हणून हसले.

आईलाही तिथंच पहिल्यांदा घेऊन गेले होते म्हणे. हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं, एवढंच.

१९ मार्च, गुरुवार

जुन्या प्लास्टरवरचे केस पटाशीनं खरवडून काढले. नऊ दिवसांचं काम चाळीस मिनिटांत गेलं. वाटलं होतं रडू येईल. आलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

दिलं. सकाळी साडेनऊला.

दगड, त्यावर एक पाणमांजर मासा धरून, पाण्यात दोन डोकी. अंग गुळगुळीत. शेपूट चपटं, दगडावरून खाली सोडलेलं. काल संध्याकाळी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली, आणि शेपटावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मासा जरा मोठा झालाय." मी म्हटलं, "तो राहू दे. तिची मेजवानी आहे." त्यावर "हं" म्हणाले, पण हा निराळा होता.

हे आपल्याकडचंच, असं संग्रहालयातल्या बाईंनी समितीला लेखी कळवलं. साहेब प्लास्टरभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "घुबड पुढच्या वर्षी."

१० एप्रिल, शुक्रवार

नव्या साच्यावर पहिलं नाणं पाडलं. चकती घासूनपुसून आरशासारखी केलेली. दोन ठोके. केसभरनं चिमट्यानं नाणं उचललं, भिंग लावलं. आधी राजचिन्हाची बाजू. एक मिनिट. दोन मिनिटं. मग पालथं केलं.

चपट्या शेपटानं चांदी फार मागितलीच नाही. मागचं चिन्ह कडेपर्यंत भरलं होतं.

केसभरनं आपलं भिंग, जे तो साहेबांनाही हात लावू देत नाही, ते माझ्या हातात दिलं आणि मी पाहत असताना शेजारी उभा राहिला. मग म्हणाला, "तुमच्या वडिलांना एकदा भेटायचं आहे. रविवारी आलो तर चालेल?"

बाबांना भेटायची त्याला एवढी काय घाई आहे कोण जाणे. म्हटलं, या. बाबांना काय, नदीवर बोलायला कुणीही चालतं.

ताईला सांगितलं तर ती फोनवर इतकी हसली की मी फोन ठेवून दिला.

९ मे, शनिवार

आज विक्री सुरू झाली. टाकसाळीच्या खिडकीपुढं आठ वाजल्यापासून रांग. बाबा काठी घेऊन आले होते, केसभरनं त्यांना खुर्ची आणून दिली. हल्ली तो दर रविवारी येतो.

एक वयस्क बाई होत्या. सुती हातमोजे घालून आल्या होत्या. देशोदेशींचे प्राणी चांदीत जमवतात. डबीतलं नाणं त्यांनी उजेडात तिरकं धरलं आणि कुणाला तरी विचारावं म्हणून बाबांनाच विचारलं, "काय हो, असं खरंच असतं का आपल्याकडे?"

बाबा म्हणाले, "इथून चार किलोमीटरवर. उद्या पहाटे जुन्या पुलाखाली या. अत्तर लावू नका."

रांगेतले लोक वळून बघायला लागले. कुणीतरी विचारलं, "आम्ही आलो तर?"

१० मे, रविवार

पुलाखाली सात माणसं होती. हातमोजेवाल्या बाई, रांगेतलं एक जोडपं, संग्रहालयातल्या बाई वही घेऊन, मासेवाला, केसभर आणि मी. बाबा सगळ्यांच्या पुढं, दगडावर, दुखरा पाय लांब करून. एकतीस वर्षं एकट्यानं पाहिलेल्या नदीचा काठ आज त्यांच्या पाठीमागं माणसांनी भरला होता, आणि त्यांना ते आवडलेलं दिसत होतं. त्यांनी नियम सांगितले. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, शिंक आली तर गिळायची.

पाऊण तास गेला. जोडप्यातल्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. हातमोजेवाल्या बाईंनी ताडून बघायला नाणं आणलं होतं, ते डबीतच राहिलं, कारण तेवढ्यात बाबांनी हात वर केला.

एक डोकं. दुसरं. मग तिसरं. केसभरनं माझ्या कोपराला धरलं आणि सोडायचं विसरला. मीही आठवण करून दिली नाही.

बाबांनी मागं न बघता चार बोटं दाखवली. मी पुन्हा मोजली. तीनच होती. म्हटलं, आता हे चुकलं. त्यांनी बोटं खाली घेतली नाहीत.

मग लव्हाळ्यातून चौथं आलं. मुठीएवढं डोकं, पोहायची धड सवय नाही, आईच्या मागं धडपडत, आणि ओलं अंग उजेडात चकाकणारं.